छिद्रान्वेषी

मी इंग्रजी पाचवीत होते त्या वर्षी, माघ महिन्यातल्या एका सोमवारी, माझ्या वडिलांना गिरणीच्या घडी खात्यातून काढून टाकण्यात आले. हातात दिलेल्या कागदावर इंग्रजीत एका ओळीचे कारण होते: दृष्टी अधू झाल्याने कामास अपात्र. त्याच्या सुमारे तीन महिने आधी, दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा, मी एका निबंधात एक शब्द लिहिला होता. या दोन गोष्टींच्या मध्ये जे घडले ते मी पाहिले तेवढे इथे लिहिते. जे दुसऱ्याकडून कळले ते तसे सांगितले आहे.

आम्ही सोलापुरात भवानी पेठेतल्या एका चाळीत राहत होतो. दोन खोल्या, वर पत्रा, पुढे सगळ्यांची मिळून एक पडवी. पडवीच्या टोकाला नळ. समोरच्या ओळीत घरोघरी हातमाग होते आणि त्यांची खटखट उजाडल्यापासून सुरू होई. ती थांबली की सण आहे किंवा कुणी गेले आहे असे समजावे. तिच्यावर दिवसातून तीन वेळा गिरणीचा भोंगा. वडिलांना सगळे अण्णा म्हणत, मीही अण्णाच म्हणे. ते वेळापूरकडचे. शेती भावांकडे सोडून तरुणपणी इकडे आले आणि बोली तिकडचीच ठेवली. आमच्या शेजारच्या खोलीत नरसय्या राहायचा. तो त्याच गिरणीत विणकर होता. मी त्याला मामा म्हणत असे. त्याची बायको राजव्वा आईला अक्का म्हणे, आणि त्यांची मुलगी अंबू माझ्या वर्गात होती. मधली भिंत इतकी पातळ होती, की राजव्वाने चिंचेचे सार फोडणीला टाकले की आमच्या घरात शिंक येई. ते सार वाटीतून इकडे येत असे आणि त्याच वाटीतून आमची शेंगाची चटणी तिकडे जाई. वाटी नेमकी कुणाची हे दोन्ही घरांना आठवत नव्हते.

अण्णांचे काम कापड तपासण्याचे. खिडकीपाशी एक उतरते टेबल, त्यावरून कापडाचा अख्खा ताका हाताने ओढत न्यायचा, मागून उजेड. तुटलेला उभा धागा, सुटलेला आडवा धागा, तेलाचा डाग, भोक. दोष दिसला की त्या जागी काठाला लाल दोरा बांधायचा. लाल दोऱ्यांची एक लडी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे आणि संध्याकाळी ती किती बारीक झाली आहे त्यावरून आईला दिवस कसा गेला ते कळे. दोन घास झाले की ते बोलायला लागत, आणि बोलणे भोकांचेच. अमक्या ताक्यात सुईच्या टोकाएवढे भोक होते, कुणाच्या बापाला दिसले नसते, मला दिसले. आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, “आता हितं बी शोधा एकादं. कालच्या भाकरीला पडलं हुतं.” ते खरोखर भाकरी उचलून दिव्यासमोर धरत आणि आम्ही हसत असू. घरात हसण्याचे प्रसंग पुष्कळ होते, हे नोंदवायला हवे.

गिरणीचा नियम असा, की महिन्यात ठरावीक संख्येपेक्षा जास्त ताके लाल दोऱ्याचे निघाले, तर त्या विणकराकडून माग काढून घ्यायचे. म्हणजे काम गेले. त्यामुळे विणकर अण्णांना भीत. पण ते कुणाचे नाव वाचून कापड बघत नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक होते. नरसय्या स्वतः म्हणे, “अण्णा देवाच्या गळ्यातलं वस्त्र आलं तरी दोरा बांधतील, काय खोटं हाय?” म्हणताना तो हसत असे. त्याचे दोन्ही माग भिंतीकडच्या रांगेतले, जुने, सारखे धागा तोडणारे होते. तेही अण्णांना ठाऊक होते.

आता शब्दाकडे येते. आम्हांला संस्कृत आणि मराठी निबंध दोन्ही शास्त्रीबुवा शिकवत. वयस्कर, उपरण्याने चष्मा पुसणारे, मुलींना संस्कृत शिकवायला स्वतःहून आलेले गृहस्थ. त्यांनी समास सोडवताना ‘सत्यान्वेषी’ हा शब्द फळ्यावर लिहिला. सत्य आणि अन्वेषी. अन्वेषी म्हणजे मागे लागून शोधणारा. मला तो शब्द फार आवडला. त्याच आठवड्यात त्यांनी ‘माझे वडील’ हा निबंध दिला. छिद्र म्हणजे भोक हे मला माहीत होते. मी सत्याच्या जागी छिद्र बसवले आणि पहिलेच वाक्य लिहिले: ‘माझे वडील छिद्रान्वेषी आहेत आणि त्यांच्याइतका मोठा छिद्रान्वेषी सोलापुरात नाही.’ शब्द मी बनवला अशी माझी समजूत होती. तो माझ्या आधी फार शतके अस्तित्वात आहे आणि शिवी म्हणून आहे, हे मला माहीत नव्हते.

शास्त्रीबुवांनी वही उघडली, ओळ वाचली आणि ते हसले. दुष्टपणाने नव्हे. त्यांना मौज वाटली आणि ती वर्गाला द्यावीशी वाटली. त्यांनी वाक्य मोठ्याने वाचले.

“मुलींनो, हिने वडिलांना काय पदवी दिली आहे बघा. छिद्र म्हणजे भोक, बरोबर. पण छिद्र म्हणजे दुसऱ्याचे उणे, दुसऱ्याचा दोषही. राजे लोक शत्रूचे छिद्र शोधत, म्हणजे त्याची कच्ची बाजू. तिथून तो शब्द माणसामाणसांत आला. छिद्रान्वेषी म्हणजे ज्याला अख्खे वस्त्र दिसत नाही, फक्त भोक दिसते. जो टीका करायलाच बसलेला असतो, तो.”

“गुरुजी, पण ते भोकंच शोधतात,” मी म्हणाले. “गिरणीत. ते त्यांचं काम आहे.”

यावर वर्ग जो हसला तो तास संपेपर्यंत. अंबूही हसली. तिने तो शब्द घरी नेला, तो तिच्या वडिलांना उच्चारता आला नाही, आणि दोन दिवसांत त्याचे ‘छिद्री’ झाले.

मी पुढे आयुष्यभर वर्तमानपत्रात काम केले. शब्द कसा पसरतो हे तिथे रोज पाहिले, पण त्या वेगाने कुठला शब्द गेलेला पाहिला नाही. आमच्या पेठेत फाटक्या तोंडाच्या टीकाखोराला आधीपासून एक नाव होते, खुसपट्या. खुसपट म्हणजे काडीचा, गवताचा बारीक तुकडा. सुतात अडकलेले असे तुकडे नखाने वेचताना मी बायकांना पाहिले आहे. खुसपट काढणे हा वाक्प्रचार तिथूनच आला असावा असे मला वाटते, पण तो संबंध मी लावलेला आहे, कुठल्या कोशाने नव्हे. ते काही असो, अण्णांना खुसपट्या कुणी म्हणाले नव्हते. तो शब्द गावठी होता, ऐकून सोडून देण्यासारखा. छिद्री हा शब्द शाळेतून आला होता आणि अण्णांच्या पोरीनेच आणला होता. त्याला वजन होते.

गिरणीच्या फाटकाशी चहा विकणारे रहीमचाचा अण्णांना विचारू लागले, “क्या अण्णा, आज कित्ते छेदां मिले?” मागावरची माणसे ते येताना दिसले की आपापल्या धोतराला भोक पडले आहे का ते वाकून बघत. मी नळावर गेले की लहान पोरे ‘छिद्री आली, छिद्री आली’ करत. पहिले आठ दिवस अण्णा हसले. मार्गशीर्षात नरसय्याच्या ताक्यांना लागोपाठ लाल दोरे लागले. मग हसणे बंद झाले.

राजव्वा नळावर आईला म्हणाली, “अक्का, तुमच्या मालकाला डोळे लई हायत म्हने.”

“देवानं दिलेत,” आई म्हणाली.

“देवानं आमाला पोर दिली, पोट दिलं. त्येला बी बघावं की मानसानं. आनखी दोन ताके आले तर ह्यांचे माग जातात. तुमच्या पोरीनं लिवलं ते काय खोटं न्हाय.”

आईने घागर अर्धीच भरून उचलली. त्या दिवसापासून वाटी थांबली. ती आमच्याकडे राहिली होती. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला चाळीतली सगळी बाया-पोरे मिळून जात, त्या वर्षी आम्हांला कुणी हाक मारली नाही. आई नवे लुगडे नेसून दारात बसली होती. सगळ्या पुढून गेल्यावर तिने आत येऊन ते घडी करून ठेवले आणि तिळाची वडी माझ्यापुढे सरकवली. ती मी खाल्ली. दाताखाली खडा आला, तो मी थुंकले नाही.

त्याच सुमारास एका संध्याकाळी अण्णांनी मला जवळ बसवून घेतले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला बरे वाटले असते.

“इंदे, त्यो सबूद पुन्यांदा सांग.”

मी सांगितला.

“त्याचा अर्थ भोक शोदनारा. मग लोक हसत्यात कशापायी?”

मी दुसरा अर्थ सांगितला. शास्त्रीबुवांनी सांगितला तसाच, अख्ख्या वस्त्रासकट.

त्यांनी विचारले, “ह्यातला आदी कुटला?”

“आधी भोक,” मी म्हणाले. “मग माणसाचा दोष.”

“मंजी कापडावरनं मानसावर आला.” ते पुटपुटले. मग म्हणाले, “मी अख्खा ताका बगतो, बाय. अख्खा बगितल्याशिवाय भोक घावंल कसं? हे तुज्या गुरुजीला सांगितलंस का?”

मी दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांच्या घरी गेले. मला त्यांच्याकडून दुसरा शब्द हवा होता. दोष शोधणे हेच ज्याचे इमानाचे काम आहे अशा माणसाला म्हणायचा, चांगला शब्द. मी ते सांगताना रडत होते, हे मला त्यांच्या पत्नीने पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा कळले. शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला. माझ्या निबंधाचे चाळीत काय झाले हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी दोन पोथ्या काढल्या, पाने उलटली, दोषज्ञ म्हणाले, ते नको म्हणाले, आणि शेवटी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिले: परीक्षक.

“सोने पारखणारा तसा कापड पारखणारा. हा शब्द दे त्यांना.”

मी तो शब्द घेऊन घरोघरी फिरले म्हटले तरी चालेल. अंबूला सांगितला. नळावरच्या पोरांना, गोडीने, रागाने, शेवटी चटणीभाकरीचा तुकडा देऊन, म्हणायला लावला. पोरांनी तो दोन दिवस म्हटला. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही जोडले आणि ‘परीक्षक छिद्री’ असे ओरडत पडवीतून पळाली. मी चिठोरा चुलीत टाकला.

पौष संपता संपता आईच्या लक्षात आले, की अण्णांच्या खिशातली लडी बारीक होत नाही. सोमवारी जेवढी जाडी, तेवढीच शनिवारी. जेवताना ते भोकांबद्दल बोलेनासे झाले. ते मुळी बोलेनासेच झाले. आई एकदा म्हणाली, “आता कापड लई चांगलं निगायला लागलं म्हनायचं.” त्यांनी ताटातून वर पाहिले नाही. “थंडीत सूत तुटत न्हाय,” असे म्हणाले. थंडीत सूत जास्त तुटते. सोलापुरातल्या कोरड्या हिवाळ्यात तर फारच. हे आमच्या चाळीत मांडीवरच्या पोरालाही माहीत होते. नरसय्याचे माग राहिले. फाटकावर रहीमचाचांनी विचारणे सोडून दिले. रथसप्तमीच्या आधी राजव्वाने पडवीतून जाताना आईला विचारले, “अक्का, जेवलात का?” एवढेच. आई त्यावर आत येऊन रडली.

मग एका व्यापाऱ्याकडून गाठोडी परत आली. पुढचे मला घडी खात्यात घड्या घालणाऱ्या एका माणसाने पुष्कळ वर्षांनी सांगितले. साहेबाने ताके टेबलावर उलगडून ठेवले होते. भोके बोट जाईल एवढी होती. त्याने अण्णांना विचारले, ही दिसली नाहीत, की दिसूनही सोडलीत? सोडली असतील तर कुणाकुणाची सोडलीत ती नावे द्या; नावे दिलीत तर तुमचे काम राहील, ती माणसे जातील. अण्णा म्हणाले, “दिसली न्हाईत.” साहेबाने तीच गोष्ट तीनदा विचारली. उत्तर तेच आले. मग तो कागद लिहिला गेला.

अण्णा त्या दिवशी भर दुपारी घरी आले. दुपारी ते घरात कधी नसत, त्यामुळे कुठे बसावे हे त्यांना कळेना. आईने सुपातले दाणे बाजूला करून जागा केली. तिने कागद मला वाचायला दिला आणि मी इंग्रजी ओळ मराठीत सांगितली.

“डोळ्याला काय झालंय?” आई म्हणाली.

“काय न्हाय,” अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने, “दिसत न्हाय.”

दोन्ही उत्तरे मी एकापाठोपाठ ऐकली आहेत.

त्यानंतरच्या दिवसांत घरात हुलग्याच्या पिठाचे पातळ माडगे तेवढे शिजे. आई मागवाल्यांकडे आडव्या सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. फाल्गुनाच्या सुरुवातीला माझी शाळा थांबली. खिडकीपाशी नवा माणूस आला, त्याने पहिल्याच पंधरवड्यात नरसय्याच्या चार ताक्यांना दोरे बांधले आणि नरसय्याचे माग गेले. म्हणजे अण्णांनी जे वाचवले ते दीड महिना वाचले. राजव्वाने भिंतीपलीकडे भांडे आपटले तो आवाज मी ऐकला. त्या रात्री नव्हे, सकाळी, उजेडात, अण्णा भिंतीला कपाळ टेकून उभे होते. मी हाक मारली तर त्यांना ऐकू आले नाही. आईने त्या दिवशी विळी आणि दोर दोन्ही उचलून राजव्वाकडे नेऊन ठेवले. राजव्वाने काही न विचारता ठेवून घेतले.

होळीनंतर कळले, की कुर्डुवाडीला रेल्वेत माल तपासून घेणारा माणूस पाहिजे आहे. अण्णांनी मला बरोबर घेतले, इंग्रजी कागद वाचायला. तिथे आधी डॉक्टरांनी डोळे तपासले. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. अण्णांनी वरपासून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत न अडखळता वाचले, एक डोळा झाकून, मग दुसरा. डॉक्टर शाबास म्हणाले. अण्णा स्वतःच्याही नकळत बोलून गेले, “साहेब, तक्त्याला डाव्या कोपऱ्यात टाचनीचं भोक हाय.” डॉक्टर उठून तक्त्याजवळ गेले, वाकले आणि हसू लागले. त्यांनी दाखला लिहिला. मी तो वाचून दाखवला: दोन्ही डोळे निर्दोष.

मला वाटले, आता सुटलो. बाहेर एका टेबलाशी बसलेल्या कारकुनाने दाखला घेतला आणि आधीच्या नोकरीचा कागद मागितला. त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले, हा वाचला, तो वाचला.

“अहो, हे कसं? गिरणी म्हणते दिसत नाही, डॉक्टर म्हणतात सगळं दिसतं. यातला खरा कुठला?”

अण्णांनी टेबलावरच्या दोन्ही कागदांकडे पाहिले.

“दिसत नसेल तर आमच्या कामाचे नाही. दिसत होतं आणि माल सोडलात, तर त्याहून नाही. तुम्हीच सांगा, काय लिहू?”

“काय बी लिवू नगा,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी दोन्ही कागद उचलले.

परतीच्या गाडीत त्यांनी डॉक्टरांचा दाखला माझ्या हातात दिला. “ह्यो तुज्या पुस्तकात ठेव. चाळीत कुनाला सांगायचं न्हाय. नरसय्याला तर न्हाईच.” का, असे मी विचारले नाही. मी तेव्हाही कारण जाणत होते असे आज म्हणणे सोपे आहे. मी फक्त मान हलवली.

नरसय्याने मेव्हण्याचा एक जुना हातमाग आणून खोलीत बसवला. जागा उरली नाही म्हणून राजव्वा आणि अंबू पडवीत निजू लागल्या. चैत्रात त्याचे पहिले लुगडे मागावरून उतरले. दुकानदार सकाळी माल घेत. त्या दिवशी नरसय्या लुगडे दोन्ही हातांवर घेऊन आमच्या दारात आला. गिरणीतून निघाल्यापासून तो आमच्या उंबऱ्याशी आला नव्हता.

“अण्णा, जरा बगा की,” तो म्हणाला. “दुकानात खोट काडायच्या आत तुमीच काडा. भोक असंल तर सांगा. मी मानूस वाईट बोललो आसंल, कापड तुमच्याइतकं कोन बगतंय?”

अण्णा भिंतीला टेकून बसले होते. नरसय्याने लुगडे उलगडून दारातल्या उन्हापुढे धरले. अण्णांनी त्याच्याकडे पाहिले. मग मान खाली घातली.

“मला दिसत न्हाय, नरसय्या. तुला ठावं हाय की. डोळं गेलं माजं.”

नरसय्या लुगडे तसेच धरून उभा राहिला. मग म्हणाला, “आमालाच उगं वाटत हुतं, अण्णा. आमी म्हनलं, तुमी आमच्यापायी मुद्दाम सोडलं…”

काठापासून चार बोटे आत एक भोक होते. मी चुलीपाशी होते, तिथून ते उन्हात मला दिसले. मी बोलले नाही. नरसय्याने लुगड्याची घडी केली, खांद्यावर टाकले आणि तो बाजाराच्या बाजूला निघून गेला.